दूरस्थ यंत्रबाहू आणि पर्यवेक्षकाची आज्ञा

मनुष्याचा हात जेथे पोहोचू शकत नाही, अथवा पोहोचल्यास तो सुखरूप परत येईल याची शाश्वती नसते, अशा ठिकाणी काम करण्यासाठी दूरचालित यंत्रबाहूंचा उपयोग होतो. त्यांच्या नियंत्रणाचा विचार सामान्यतः अभियांत्रिकीच्या कक्षेत मोडतो. परंतु मनुष्य यंत्रास काय सांगतो, किती सांगतो, आणि यंत्र मनुष्यास कोणत्या शब्दांत उत्तर देते, हे प्रश्न आज्ञेच्या स्वरूपाशी निगडित आहेत. आणि आज्ञा हा भाषाविचाराचा फार जुना विषय आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने पर्यवेक्षी नियंत्रणाची कल्पना विशद करून, चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या परिस्थितीत तिची मर्यादा कोठे येते ते पाहावयाचे आहे.

यंत्रबाहूंचा इतिहास अणुविज्ञानाशी जोडलेला आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्यासाठी जोडबाहूंची रचना केली. भिंतीच्या अलीकडे चालकाने आपला बाहू हलविला की पलीकडचा बाहू तीच हालचाल करी. १९५४ मध्ये त्यांनी यांत्रिक जोडणीच्या जागी विद्युत जोडणी आणली. त्यामुळे दोन बाहूंमधील अंतर वाढविणे शक्य झाले. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्रातही जाड शिसेयुक्त काचेच्या खिडकीतून पाहत, बंदिस्त कक्षातील किरणोत्सर्गी वस्तू याच जातीच्या बाहूंनी हाताळल्या जातात. येथे मनुष्य व यंत्र यांच्यामध्ये आज्ञा अशी नाहीच. चालकाच्या मनगटाची हालचाल हीच यंत्राची हालचाल होय.

अंतर वाढले की या साधेपणास बाध येतो. पृथ्वीवरून चंद्राकडे गेलेला संदेश परत येण्यास सुमारे २.६ सेकंद लागतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील विल्यम फेरेल यांनी १९६०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, अशा विलंबात चालक आपोआप एक रीत स्वीकारतो : थोडे हलवावयाचे, थांबावयाचे, परिणाम दिसला की पुन्हा थोडे हलवावयाचे. काम बिघडत नाही, पण अतिशय मंद होते. यावर उपाय म्हणून फेरेल आणि टॉमस शेरिडन यांनी १९६७ मध्ये असे सुचविले की, प्रत्येक हालचाल दुरून करविण्याऐवजी यंत्राजवळच एक लहानसा संगणक ठेवावा, मनुष्याने त्यास उद्दिष्ट सांगावे, आणि ते गाठण्याचा तपशील यंत्राने स्वतः पाहावा. यासच पर्यवेक्षी नियंत्रण म्हणतात. पुढे शेरिडन यांनी पर्यवेक्षकाची पाच कार्ये सांगितली : योजना करणे, यंत्रास शिकविणे, त्याच्या कामावर लक्ष ठेवणे, गरज पडताच हस्तक्षेप करणे आणि अनुभवावरून स्वतः शिकणे. ‘पर्यवेक्षण’ या शब्दात ‘परि’ आणि ‘अव’ असे दोन उपसर्ग ‘ईक्ष्’ या धातूस लागले आहेत. सर्व बाजूंनी व बारकाईने पाहणे हा त्याचा अर्थ वरील पाचही कार्यांस उत्तम लागू पडतो.

या भेदाचे स्वरूप मीमांसकांच्या परिभाषेत अधिक स्पष्ट होते. विधिवाक्याचे विश्लेषण करताना त्यांनी ‘भावने’च्या तीन आकांक्षा मानल्या आहेत : काय साधावयाचे, कशाने साधावयाचे आणि कोणत्या रीतीने साधावयाचे. यांस अनुक्रमे साध्य, साधन व इतिकर्तव्यता म्हणतात. जोडबाहूंच्या पद्धतीत या तिन्हींचा भार क्षणोक्षणी चालकावर असतो. पर्यवेक्षी पद्धतीत साध्य मनुष्य सांगतो, साधन बहुधा ठरलेले असते, आणि इतिकर्तव्यतेचा मोठा भाग यंत्राकडे सोपविला जातो. म्हणून एखादे यंत्र ‘किती स्वयंचलित’ आहे असे मोघम विचारण्यापेक्षा, इतिकर्तव्यतेचा कोणता अंश त्याच्या हवाली केला आहे असे विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

याचे जिवंत उदाहरण आपल्याच परिसरात आहे. अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे वनविभागाचा हत्तीकॅम्प आहे. या वनांतील सागाचे ओंडके ओढण्यासाठी पूर्वी हत्तींचा उपयोग होत असे. माहूत हत्तीस ओंडका कोठे न्यावयाचा ते सुचवितो; सोंड कोठे घालावी, पाय कोठे रोवावा हे सांगत नाही. मात्र हत्ती बिथरला किंवा ओंडका घसरला, तर त्याच क्षणी आवरण्याची तयारी माहुताजवळ असते. साध्य माहुताचे, इतिकर्तव्यता हत्तीची आणि जबाबदारी पुन्हा माहुताची, अशी ही विभागणी आहे. तिच्यात एक गोष्ट गृहीत असते : माहूत हत्तीच्या पाठीवर असतो. हत्तीचे अंग ताठरले की ते त्यास तत्काळ कळते. दूरस्थ यंत्राच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट नाहीशी होते.

गडचिरोली जिल्ह्यात या प्रश्नास प्राणांचे मोल आहे. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे रस्त्यात पुरलेल्या सुरुंगाच्या स्फोटात पोलिसांच्या शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि वाहनचालक मृत्युमुखी पडले. येथे विवेक राखला पाहिजे. धावत्या वाहनाखाली अवचित झालेला असा स्फोट कोणताही यंत्रबाहू टाळू शकला नसता. त्याचे काम संशयित वस्तू आढळल्यानंतर सुरू होते. पण वस्तू आढळली की तिच्याजवळ कोणीतरी जावे लागते, आणि ते ‘कोणीतरी’ मनुष्य असावे की यंत्र, हाच प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तथापि माणसे शरण आली म्हणून जमिनीत पुरलेली स्फोटके निकामी होत नाहीत.

अशा कामासाठी महाराष्ट्रातच सिद्ध झालेले एक यंत्र म्हणजे ‘दक्ष’. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या पुण्याजवळील दिघी येथील प्रयोगशाळेने ते विकसित केले, आणि त्याची पहिली तुकडी डिसेंबर २०११ मध्ये सैन्याकडे सुपूर्द झाली. चाकांवर चालणाऱ्या या गाडीस पकड असलेला बाहू, कॅमेरे, क्ष-किरण उपकरण आणि पाण्याच्या वेगवान झोताने स्फोटकाची जुळणी उधळणारे साधन आहे. दृष्टिरेषा मोकळी असल्यास रेडिओद्वारे सुमारे ५०० मीटर अंतरावरून तिचे नियंत्रण करता येते. या जातीच्या गाड्या मूलतः चालकाच्या प्रत्यक्ष हुकमतीत चालतात. रेल्वे स्थानकाच्या सपाट फलाटावर ही पद्धत पुरेशी असते. परंतु दाट झाडी, वळणे व चढउतार असलेल्या वनमार्गावर मोकळी दृष्टिरेषा दुर्मीळ होते, आणि केबल जोडावी तर ती मुळांत व दगडांत अडकते. संपर्क अधूनमधून तुटणार असेल, तर निदान काही इतिकर्तव्यता यंत्राकडे द्यावीच लागते. ती कोणती द्यावी, याचा निर्णय आज्ञेच्या भाषेशी संबंधित तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट दर्शक शब्दांची. ‘इकडे’, ‘पुढे’, ‘उजवीकडे’ हे शब्द बोलणाऱ्याच्या स्थानावरून अर्थ घेतात. येथे मात्र चालक, गाडी आणि बाहूच्या टोकाचा कॅमेरा अशी तीन स्थाने आहेत. बाहू मागे वळलेला असताना चालकाची उजवी बाजू गाडीची डावी ठरू शकते. सपाट पडद्यावर खोलीही नीट कळत नाही. पाचोळ्याखाली तार आहे की मूळ, हे ओळखणे कठीण जाते. म्हणून दिशा सांगण्याऐवजी पडद्यावरील बिंदू दाखवून ‘येथपर्यंत जा आणि एक वीत अंतर राखून थांब’ अशा प्रकारची आज्ञा देता आली, तर चूक होण्याचा संभव पुष्कळ घटतो.

दुसरी गोष्ट यंत्राच्या निवेदनाची. ‘वस्तू पकडली’ आणि ‘पकड मिटली’ ही दोन वाक्ये व्यवहारात समानार्थी वाटतात. पण त्यांच्या प्रामाण्यात अंतर आहे. पकडीच्या मोटारीवर ताण आला एवढेच यंत्रास ठाऊक असते. पकडीत वस्तू आली की फांदी, हे त्यास ठाऊक नसते. जे प्रत्यक्ष मोजले ते एका रूपात आणि जे अनुमानिले ते दुसऱ्या रूपात सांगितले गेले पाहिजे. प्रत्यक्ष व अनुमान यांची सरमिसळ करणारे निवेदन पर्यवेक्षकास खोटा दिलासा देते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : मौनाचा अर्थ. शेरिडन आणि व्हरप्लँक यांनी १९७८ मध्ये स्वयंचलनाच्या दहा पायऱ्या मांडल्या. त्यांतील पाचव्या पायरीवर यंत्र कृती सुचविते आणि मनुष्याने होकार दिला तरच ती करते. सहाव्या पायरीवर ते ठरावीक वेळ थांबते, आणि तेवढ्यात नकार न आल्यास कृती करून मोकळे होते. कारखान्यात या दोहोंतील अंतर सोयीचे असेल. परंतु सहावी पायरी ‘मौनं संमतिलक्षणम्’ या न्यायावर उभी आहे, आणि वनात हा न्याय लागू पडत नाही. तेथे मौन म्हणजे संमती असेल, चालकाची द्विधा असेल, अथवा मध्ये डोंगर आल्याने संदेशच पोहोचला नसेल. नकार पोहोचला नाही म्हणून स्फोटकाला हात घालणारे यंत्र आज्ञेचे पालन करीत नसून आज्ञेच्या अभावाचा अर्थ लावीत असते. यास्तव संपर्क तुटल्यावर जागीच थांबणे, किंवा आल्या वाटेने मागे येणे, एवढीच मोकळीक यंत्रास असावी. वाटचाल, तोल सांभाळणे, अंतर राखणे ही इतिकर्तव्यता त्याच्याकडे द्यावी. स्फोटकास स्पर्श करणाऱ्या प्रत्येक कृतीसाठी मात्र उच्चारित होकार आवश्यक मानावा.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, मग स्वयंचलनाचा लाभ तो काय? उत्तर असे की, चालकाचे अवधान अखेरच्या काही मीटरांसाठी शिल्लक राहते, हाच लाभ होय. तोही विनामूल्य नाही. लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, यंत्र जितके अधिक काम करते तितका मनुष्याचा सराव कमी होतो; आणि त्याला हाक मारली जाते ती मात्र सर्वांत कठीण क्षणी. म्हणून पर्यवेक्षकाने प्रत्यक्ष हाताने बाहू चालविण्याचा अभ्यास नियमित चालू ठेवणे अगत्याचे आहे.

सारांश, पर्यवेक्षी नियंत्रणात मनुष्याचे स्थान नाहीसे होत नाही. त्याच्या आज्ञेची पातळी बदलते. साध्य ठरविणे, निवेदनाचे प्रामाण्य पारखणे आणि होकार देणे ही कामे त्याचीच राहतात. यंत्रासाठी आज्ञांचा कोश तयार करताना अभियंत्याच्या शेजारी भाषेच्या अभ्यासकाने बसणे इष्ट आहे, ते याच कारणाने. वनातील रस्त्यावर गुडघे टेकून माती उकरणाऱ्या जवानाऐवजी उद्या एखादी गाडी पुढे जाईल, तेव्हा तिने काय ऐकले आणि काय गृहीत धरले, यावर मागे उभ्या असलेल्यांचे प्राण अवलंबून राहणार आहेत.