चर्चमधील मौन आणि छोटा पडदा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. पुढे १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून आपले नाव घेतले. त्या ब्लॅक पँथर पक्षाची एक भूमिका मात्र मराठी वाचकाला कदाचित तितकीशी परिचित नसेल. पक्षाचे सहसंस्थापक ह्यूई न्यूटन यांनी ऑगस्ट १९७० मध्ये कार्यकर्त्यांना जाहीरपणे बजावले की, समलिंगी स्त्रीपुरुषांच्या चळवळीकडे मित्र म्हणून पाहावे आणि त्यांना उद्देशून वापरले जाणारे अपशब्द आपल्या बोलण्यातून काढून टाकावेत. न्यूटन हे बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. परंतु त्यांचे हे आवाहन चर्चच्या व्यासपीठावरून झालेले नव्हते. त्या व्यासपीठावरून असे काही ऐकू येण्यास पुढे बराच काळ जावा लागला आणि अनेक ठिकाणी ते अद्यापही ऐकू येत नाही.

या प्रश्नावर भाष्य करणारे बहुधा एका सोप्या विधानाचा आश्रय घेतात. कृष्णवर्णीय समाज अधिक धार्मिक, म्हणून समलिंगी व्यक्तींविषयी अधिक कठोर, असे ते विधान. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. प्यू संशोधन संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत दर शंभर कृष्णवर्णीयांपैकी ७९ जणांनी स्वतःस ख्रिस्ती म्हटले होते, हे खरे. परंतु या समाजात चर्च म्हणजे केवळ रविवारची उपासना नव्हे. ज्या काळी मताचा हक्क नव्हता आणि न्यायालयात दाद लागत नव्हती, त्या काळी चर्च हीच त्यांची शाळा होती, सभागृह होते आणि अडल्या-नडल्याला मदत करणारी संस्थाही होती. अशा चर्चमधून बाहेर पडणे म्हणजे समाजातूनच बाहेर पडणे होय. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या वाचकाला याचा अर्थ अधिक उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

या चर्चचा जन्म कसा झाला, हेही लक्षात घ्यावयास हवे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीय भाविकांना गोऱ्या अधिकाऱ्यांनी ओढून उठविले. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सहकारी तेथून निघून गेले आणि १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्वतंत्र स्थापना झाली. मळेवाल्यांच्या हाती बायबल होतेच. नोहाने दिलेला शाप काळ्या माणसासाठीच आहे आणि दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असे पौलाने लिहून ठेवले आहे, हे ते गुलामांना ऐकवीत. गुलामांनी ते ऐकले, पण मनात जपली ती मोशेची कथा, फारोच्या तावडीतून सुटलेल्या लोकांची. म्हणजेच, शास्त्रातील कोणते वचन शिरोधार्य मानावयाचे याचा निवाडा या लोकांनी स्वतः केला आणि त्या निवाड्याच्या बळावर ते जगले. त्याच चर्चच्या २००४ सालच्या सर्वसाधारण परिषदेने आपल्या धर्मोपदेशकांना समलिंगी विवाह लावण्यास मनाई केली. प्रार्थनेतून उठविलेल्यांच्या वारसांना आपण कोणाला उठवीत आहोत, असा प्रश्न त्या वेळी पडला नसेल काय?

प्रश्न पडला नसेलच असे नाही. त्याच्या आड काही तरी आले. गोऱ्या समाजाने कृष्णवर्णीय पुरुषाला वासनांध ठरविले होते आणि याच आरोपाखाली शेकडोंना झाडांना लटकावून मारले होते. अशा समाजातील शिकल्या-सवरल्या वर्गाने आपला संसार, आपला पेहराव, आपले वर्तन निष्कलंक ठेवण्याची धडपड करावी, हे समजण्यासारखे आहे. इतिहासकार एव्हलिन ब्रूक्स हिगिनबॉथम यांनी कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट स्त्रियांवरील आपल्या १९९३ च्या ग्रंथात यास प्रतिष्ठेचे राजकारण म्हटले. घराची अब्रू वेशीवर टांगली जाऊ नये, ही त्यामागील भीती. या भीतीतून समलिंगी मुलगा वा मुलगी ही केवळ पापाची बाब उरत नाही; ती शत्रूच्या हाती दिलेली काठी ठरते.

परिणामी द्वेषापेक्षाही मौन अधिक दृढ झाले. गायनवृंदात उत्तम गळ्याचा एखादा तरुण असतो. त्याच्याविषयी सर्वांना ठाऊक असते आणि कोणी काही बोलत नाही. त्याने गावे, सदोमाच्या नाशावरील प्रवचनही मान खाली घालून ऐकावे आणि स्वतःविषयी अवाक्षर काढू नये, असा हा अलिखित करार होता. जेम्स बाल्डविन हार्लेममध्ये वयाच्या चौदाव्या वर्षापासून तीन वर्षे प्रवचने देत होते. समलिंगी प्रेमावरील कादंबरी त्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली ती धर्मपीठापासून आणि मायदेशापासूनही दूर गेल्यावर. बायर्ड रस्टिन यांची कथा याहून बोलकी आहे. गांधीजींच्या अनुयायांकडून अहिंसेचे तंत्र समजून घेण्यासाठी हा मनुष्य १९४८ साली भारतात येऊन गेला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांचा तो निकटचा सल्लागार. १९६० साली त्याला किंग यांच्यापासून दूर करण्यात आले, ते गोऱ्या शत्रूच्या दबावामुळे नव्हे. किंग आणि रस्टिन यांच्यात अनैतिक संबंध असल्याची खोटी आवई उठविण्याची धमकी दिली ती ॲडम क्लेटन पॉवेल यांनी. पॉवेल हे हार्लेमचे लोकप्रतिनिधी होते आणि तेथील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे प्रमुख धर्मोपदेशकही. तीन वर्षांनी, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, वॉशिंग्टनवर जो प्रचंड मोर्चा गेला त्याची सारी आखणी रस्टिन यांची होती. परंतु प्रमुख संघटक म्हणून त्यांचे नाव पुढे करण्यास चळवळीतील ज्येष्ठांचा विरोध झाला आणि ते पद ए. फिलिप रँडॉल्फ यांनी स्वतःकडे घेऊन रस्टिन यांना दुय्यम ठेवले. काम मात्र रस्टिन यांनीच केले.

चर्चने पाळलेले हे मौन दूरचित्रवाणीने मोडले. पण आरंभी ते मोडले केवळ हसण्यासाठी. १९९० साली सुरू झालेल्या ‘इन लिव्हिंग कलर’ या विनोदी कार्यक्रमात दोन कृष्णवर्णीय समलिंगी समीक्षक मुरडत, लचकत चित्रपटांवर बोलत. तमाशातील नाच्यासारखेच हे पात्र. हसू येते तोवर त्याला मुभा. दुसऱ्याच वर्षी सार्वजनिक वाहिनीवर मार्लन रिग्ज यांचा १९८९ चा ‘टंग्ज अनटाइड’ हा माहितीपट आला आणि कृष्णवर्णीय समलिंगी पुरुष स्वतःच्या तोंडाने बोलू लागले. तेव्हा अनेक केंद्रांनी तो दाखविण्याचेच नाकारले. ज्याच्यावर हसता येते तो चालतो, जो बोलतो तो चालत नाही, असा हा न्याय! पॅट ब्युकॅनन यांनी तर १९९२ च्या अध्यक्षीय उमेदवारीच्या लढतीत या माहितीपटातील दृश्ये आपल्या प्रचाराच्या जाहिरातीत वापरली. रिग्ज १९९४ साली एड्सने वारले. ते अवघे ३७ वर्षांचे होते.

त्याच १९९१ साली ‘रॉक’ या कौटुंबिक मालिकेत बाल्टिमोरमधील एका सफाई कामगाराच्या घरात काकाच्या लग्नाची वार्ता येते. काका लग्न करणार तो पुरुषाशी, तोही गोऱ्या. भूमिका रिचर्ड राउंडट्री यांची. ‘शाफ्ट’मधील मर्दानी नायक म्हणून कृष्णवर्णीय प्रेक्षकाने ज्याला डोक्यावर घेतले, त्यालाच या भूमिकेसाठी निवडण्यात मोठे चातुर्य होते.

तथापि धर्म आणि हा विषय समोरासमोर आले ते ‘द वायर’ या मालिकेत, आणि तेही एका दरोडेखोराच्या निमित्ताने. अफूबाजांना लुटणारा ओमर हा पुरुषावर प्रेम करतो, तोंडातून शिवी काढत नाही आणि महिन्यातून एका रविवारी आजीला चर्चमध्ये घेऊन जातो. तो विमानतळावरील उपाहारगृहात कामाला आहे, अशी आजीची समजूत! २००४ सालच्या एका भागात त्याचे वैरी रविवारी सकाळी त्याच्यावर गोळ्या झाडतात आणि आजीच्या चर्चला जाण्याच्या टोपीला भोक पडते. यावरून गुन्हेगारांच्या जगातच गहजब उडतो, कारण रविवारी सकाळी शस्त्र उचलावयाचे नाही हा नियम खुनी माणसेही पाळीत आली आहेत. एवढी पवित्र असलेली ती सकाळ, पण त्या सकाळीही नातवाला आजीशी खरे बोलता येत नाही.

पुढील मालिकांचे लेखक स्वतःच्या घरातून बोलू लागले. २०१५ च्या ‘एम्पायर’मध्ये आईच्या उंच टाचांचे बूट घालून आलेल्या चिमुकल्या मुलाला बाप कचऱ्याच्या पिंपात टाकतो, हा प्रसंग आपल्या बालपणातलाच, असे निर्माते ली डॅनियल्स यांनी सांगितले आहे. ‘ग्रीनलीफ’ ही मालिका तर मेंफिसमधील एका धनाढ्य चर्चच्या धर्मगुरूच्या कुटुंबावरच होती आणि तीत धर्मगुरूच्या जावयालाच या झगड्यातून जावे लागते. दाखविणारी वाहिनी ओप्रा विन्फ्री यांची. त्यामुळे बाहेरच्यांनी येऊन आमची बदनामी केली, असे म्हणण्याची सोय उरली नाही.

बाहेरच्यांनी बदनामी केल्याची उदाहरणे आहेतच. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २००८ मध्ये समलिंगी विवाहावर बंदी घालणारा प्रस्ताव संमत झाला, तेव्हा मतदानोत्तर चाचणीच्या आधारे कृष्णवर्णीयांपैकी ७० टक्क्यांनी बंदीच्या बाजूने कौल दिल्याचे सांगून सारे खापर त्यांच्या माथी फोडण्यात आले. नंतरच्या अभ्यासात हे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास आढळले. शिवाय फरक वर्णाचा नसून चर्चला किती वेळा जाता याचा आहे, असेही दिसले. पुढे ९ मे २०१२ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत अशा विवाहांना पाठिंबा दिला आणि दहा दिवसांतच कृष्णवर्णीयांची सर्वांत जुनी नागरी हक्क संघटना ‘एनएएसीपी’ हिच्या संचालक मंडळानेही तसा ठराव केला. ओबामांची ती मुलाखत घेणाऱ्या कृष्णवर्णीय पत्रकार रॉबिन रॉबर्ट्स यांनी आपल्या सहचारिणीचा उल्लेख जाहीरपणे केला तो २०१३ संपता संपता.

या मौनाची किंमत आकड्यांत मांडता येते. पुरुषाशी संबंध ठेवणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी दर दोघांत एकाला आयुष्यात एचआयव्हीची लागण होण्याचा संभव आहे, असा अंदाज अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ साली वर्तविला. गरिबी आणि वैद्यकीय सेवेचा अभाव ही त्याची कारणे आहेतच. पण ज्याने आईलाच काही सांगितले नाही तो डॉक्टरला काय सांगणार? चर्चच्या आतूनच या अंधारात हात घालणारेही निघाले. कार्ल बीन यांनी १९८२ साली लॉस एंजेलिस येथे कृष्णवर्णीय समलिंगींसाठी चर्च काढले, तर पर्नेसा सील यांनी १९८९ मध्ये हार्लेममधील धर्मस्थळांना एड्सच्या रुग्णांसाठी प्रार्थना करण्यास एकत्र आणले.

२०२१ साली ‘पोझ’ या मालिकेच्या अखेरच्या पर्वात प्रे टेल हा एड्सग्रस्त समलिंगी मनुष्य आपल्या पिट्सबर्गच्या घरी परततो. आई आणि मावश्या यांना आजार सांगावयाचा असतो. तेथील चर्चमध्ये धर्मोपदेशक म्हणून उभा असतो तो त्याचा पहिला प्रियकर, आता संसारी झालेला. ज्या चर्चने त्याला दूर लोटले तेथेच प्रे टेल पुन्हा एकदा गातो. ही भूमिका करणारे बिली पोर्टर स्वतः पिट्सबर्गमधील पेंटेकॉस्टल चर्चमध्ये वाढले. याच भूमिकेसाठी त्यांना २०१९ साली एमी पारितोषिक मिळाले होते. आपल्याला २००७ पासून एचआयव्हीची लागण झालेली आहे, हे त्यांनी मे २०२१ मध्ये जाहीर केले. चौदा वर्षे त्यांनी ते आईपासूनही लपविले होते. आईला त्यांनी ते सांगितले मालिकेचे चित्रीकरण संपताना. तेव्हा, एवढे ओझे तू एकट्याने वाहिलेस, पुन्हा असे करू नकोस, अशा अर्थाचे ती माउली बोलली.