संगणक आणि सातबारा

संगणक नाही असे शासकीय कार्यालय आता शोधून सापडणार नाही. शाळा आणि ग्रामपंचायतींतही तो पोहोचला आहे. परंतु या यंत्रात नेमके काय चालते याविषयी ते दररोज हाताळणाऱ्यांच्या मनातही संभ्रम असतो. कोणी त्याला सर्वज्ञ मानतो, तर कोणी प्रत्येक चुकीचे खापर त्याच्या माथी फोडतो. दोन्ही समजुती सारख्याच निराधार होत.

विजेचा दिवा एक तर चालू असतो, नाही तर बंद. संगणकाच्या स्मृतीत अशीच अतिसूक्ष्म घरे असतात आणि प्रत्येक घरात १ किंवा ० यांपैकी एकच खूण राहते. एका घरात दोन, दोन घरांत चार, तीन घरांत आठ अशा शक्यता दुपटीने वाढत जातात; आठ घरांत त्या २५६ होतात. आकडा असो, अक्षर असो वा छायाचित्र, संगणकात शिरताना त्याला या खुणांचे रूप घ्यावेच लागते. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक राखून ठेवलेले आहेत. त्यात 'क' चा क्रमांक २३२५. द्विमान पद्धतीने लिहिल्यास १००१०००१०१०१. 'क' चा उच्चार कसा, त्याचे वळण कसे, याचा यंत्राला गंधही नसतो. पूर्वी निरनिराळ्या मराठी फॉन्टचे क्रमांक निरनिराळे असत. त्यामुळे एका कार्यालयात लिहिलेले पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे.

या खुणांवर कोणत्या क्रिया कोणत्या क्रमाने करावयाच्या, याच्या सूचना म्हणजे आज्ञावली. ती माणूसच लिहितो. बेरीज, तुलना, क्रमवारी, शोध या साध्या क्रिया यंत्र न थकता, प्रचंड वेगाने करते. त्याचे सामर्थ्य यातच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याच्या मुख्य स्मृतीत ८१,९२० घरे होती. एका अक्षरास १६ घरे धरली तर प्रस्तुत लेखासारखा एखादाच लेख तीत मावला असता! पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी.

याच महाविद्यालयाच्या, म्हणजे आजच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या, परिसरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. त्याची स्थापना १९८८ ची. त्याच वर्षी १७ मार्चला भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रातील प्रत्येक ठिपका ७२.५ मीटर लांबी-रुंदीच्या, म्हणजे सुमारे अर्ध्या हेक्टर जमिनीचा होता. काटोलकडील संत्र्याची बाग आणि शेजारची कपाशी एकाच ठिपक्यात आली, तर संगणकाच्या हाती दोन्हींचा मिळून एकच आकडा पडे. पुढील उपग्रहांच्या चित्रांतील ठिपके लहान झाले, तरी शेतात जाऊन खातरजमा करणे चुकलेले नाही.

सातबाऱ्याच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक बोचते. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. ही स्वाक्षरीही एक संख्याच असून उताऱ्यातील एक अक्षर जरी नंतर बदलले तरी ती जुळत नाही. स्वाक्षरी कोणाची आणि मजकूर नंतर बदललेला नाही, एवढीच तिची हमी. मुळात नोंदलेले क्षेत्र खरे होते किंवा कसे, हे तिला ठाऊक नसते.

समजा, ०.१८ हेक्टरऐवजी ०.८१ भरले गेले. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी ताडून पाहण्याची सूचना आज्ञावलीत असेल, तर यंत्र ही चूक तत्काळ दाखवील. परंतु दोन भावांची क्षेत्रे अदलाबदल होऊन पडली तर बेरीज बरोबरच येते आणि यंत्र स्वस्थ बसते. नावांचेही तसेच. 'शंकरराव' आणि 'शंकर राव' यांत आपल्याला एकच माणूस दिसतो. संगणकाला मात्र मधल्या मोकळ्या जागेचाही ३२ हा क्रमांक दिसतो आणि तो दोन इसम मानतो. बँकेतील नाव आणि उताऱ्यावरील नाव असे जुळेनासे झाले की पीककर्ज वा नुकसानभरपाई अडते, आणि ऐन पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला तालुक्याच्या फेऱ्या घालाव्या लागतात.

अशा लेखनदोषांच्या दुरुस्तीची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे. पण चूक आहे हे आधी कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते. त्यासाठी २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचे गावोगाव चावडी वाचन करण्यात आले. उतारा मोठ्याने वाचावयाचा, गावकऱ्यांनी ऐकावयाचा आणि हरकत असल्यास तेथेच नोंदवावयाची, अशी ही जुनी रीत. कोणता बांध कोणाचा, हे ऐकणाऱ्यांना तोंडपाठ असते.