पोराला सुई टोचताना

लेकरू आजारी पडले की त्याला दवाखान्यात न्यावे लागते. आजारी नसले तरी लस टोचायला न्यावेच लागते. कधी खेळताना डोके फुटते, टाके घालावे लागतात. कधी रक्त तपासावे लागते. ही कामे लहान असतात. दोन-पाच मिनिटांत होतात. पण तेवढ्या वेळात पोर किती घाबरते! दवाखान्याचे दार दिसले की भोकाड पसरते. आईचा पदर सोडत नाही.

आपण म्हणतो, "लहान आहे, रडायचंच. घटकाभर रडेल अन् विसरेल." हे खरे आहे काय? या धड्यात आपण त्याचा विचार करू.

तान्ह्या बाळाला दुखते काय?

पूर्वी मोठमोठे डॉक्टरसुद्धा समजत, की तान्ह्या बाळाला फारसे दुखत नाही. त्यामुळे नवजात बाळाची शस्त्रक्रिया करताना पुष्कळ ठिकाणी वेदना थांबवण्याचे पुरेसे औषध देत नसत. मग कन्वलजीत आनंद नावाच्या मूळच्या भारतीय डॉक्टरांनी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे याचा अभ्यास केला. तो १९८७ साली छापून आला. ज्या बाळांना वेदनेचे औषध दिले, ती बाळे शस्त्रक्रियेनंतर अधिक चांगली राहिली. ज्यांना दिले नाही, त्यांच्या शरीराला फार ताण सोसावा लागला. तेव्हापासून डॉक्टरांचे मत बदलू लागले.

बाळाला बोलता येत नाही. पण त्याला दुखते. आपल्याइतकेच दुखते.

भीती कोठून येते?

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. पोराचे तसेच आहे. एकदा चार जणांनी हात-पाय दाबून सुई टोचली, की पुढच्या वेळी ते पांढरा कपडा पाहूनच ओरडते.

भीतीची दुसरी वाट आपल्या घरातूनच जाते. पोर जेवत नाही. आजी म्हणते, "जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचील." पोर ऐकत नाही. बाप म्हणतो, "थांब, नर्सबाईला बोलावतो." आपल्याला वाटते, धाक घातला, काम झाले. पण पोराच्या मनात काय बसते? डॉक्टर म्हणजे शिक्षा करणारा माणूस. सुई म्हणजे शिक्षा. मग खरोखर आजार आला, की ते दवाखान्यात जायला तयार होत नाही. म्हणून सुईचा धाक कधीही घालू नये.

रडण्यापायी लस चुकवू नका

बाळ दीड महिन्याचे, अडीच महिन्यांचे आणि साडेतीन महिन्यांचे झाले, की त्याला पेंटा नावाची लस टोचतात. तीन वेळा मिळून ती पुरी होते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात अशा आजारांपासून ती बाळाला वाचवते. पहिल्या वेळी बाळ फार रडते. रात्री अंग तापते. घरातली माणसे म्हणतात, "नको बाई पुन्हा ती सुई." आणि पुढची लस राहून जाते. गोवराची लसही अशीच राहते. ती नऊ महिने पुरे झाल्यावर एकदा आणि दीड वर्षाच्या सुमारास एकदा टोचतात.

२०२२ साली मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची मोठी साथ आली. भिवंडी आणि मालेगाव येथेही आली. काही मुले दगावली. लस न मिळालेली मुले त्यांत पुष्कळ होती. सुईचे दुखणे घटकेचे असते. गोवर पोराचा जीव घेऊ शकतो. आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लशीची खूण अजून आहे. ती टोचतानाही मुले रडत. पण त्या लशीमुळेच देवी गेली. आपल्या देशात १९७५ नंतर देवीची साथ आली नाही. १९८० साली जगातूनच देवी हटल्याचे जाहीर झाले.

तेव्हा लस चुकवायची नाही. दुखणे मात्र कमी करायचे. ते कसे, ते पाहू.

बाळ अंगावर पीत असेल तर

सुई टोचण्याच्या थोडे आधी बाळाला अंगावर घ्यावे. टोचतानाही पाजत राहावे. टोचून झाल्यावर आणखी थोडा वेळ पाजावे. आईची ऊब, आईचा वास आणि दुधाची गोडी या तिन्हींमुळे बाळाचे दुखणे कमी होते. याला पैसा लागत नाही. बाई-माणसाला संकोच वाटत असेल तर पदर घ्यावा. नर्सबाईला तसे सांगावे. त्या समजून घेतात.

काही जणी बाळाच्या जिभेला मध लावतात. तसे करू नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध धोक्याचा असतो.

मांडीवर घ्या, आडवे दाबू नका

जरा मोठ्या पोराला टेबलावर आडवे पाडून धरू नये. आडवे पाडले की त्याला वाटते, आता आपले काही खरे नाही. ते अंगातला सगळा जोर लावते. अंग ताठ झाले की सुई अधिक दुखते.

आईने किंवा बापाने खुर्चीवर बसावे. पोराला मांडीवर घ्यावे. त्याची छाती आपल्या छातीशी धरावी. त्याचा एक हात आपल्या काखेखालून पाठीमागे घ्यावा. पाय आपल्या दोन गुडघ्यांत हलकेच धरावेत. जो हात वा मांडी टोचायची, ती मोकळी ठेवावी. असे धरले की पोर हलत नाही. आणि त्याला वाटते, आईने मला कुशीत घेतले आहे.

खोटे सांगू नका

"कुठं जायचं गं आई?" "मामाकडे." असे म्हणून पोराला दवाखान्यात नेतात. "मुळीच दुखणार नाही," असेही सांगतात. पुढे सुई टोचते आणि दुखते. मग पोर मनात म्हणते, आई खोटं बोलली. पुढच्या वेळी ते आईचेही ऐकत नाही.

खरे सांगावे, पण थोडक्यात सांगावे. "बाळा, आज लस टोचायची आहे. जरा टोचल्यागत होईल. मी तुला धरून बसेन. मग आपण घरी जाऊ." एवढे पुरे. चार दिवस आधी सांगून पोराला घोर लावू नये. सुईचे वर्णन करू नये. आणि आपणही घाबरे होऊ नये. पोर सुईपेक्षा आईच्या तोंडाकडे पाहते. आईचा चेहरा उतरला, की त्याचाही धीर सुटतो.

मन दुसरीकडे लावा

आपण शेतात खुरपत असतो. बोटाला खुरपे लागते. कामाच्या नादात कळतही नाही. संध्याकाळी हात धुताना रक्त दिसते, आणि मग ठणका लागतो. असे का होते? जखम तर दुपारीच झाली. पण मन कामात होते. दुखल्याची खबर मेंदूपर्यंत जाते. मेंदू दुसऱ्या कामात गुंतला असला, तर त्या खबरीकडे त्याचे लक्ष कमी जाते.

हीच युक्ती पोरासाठी वापरावी. कागदाचे भिरभिरे करून न्यावे आणि त्याला फुंकायला सांगावे. साबणाचे फुगे उडवायला द्यावेत. फुंकताना श्वास लांब सुटतो आणि अंग सैल पडते. गाणे म्हणावे. "आपली गाय कुठं बांधली? वासरू किती मोठं झालं?" असे विचारावे. खुळखुळा वाजवावा. मोबाईलवर चित्रे दाखवली तरी चालेल.

शाळेतील मुले

२०१८ सालच्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस टोचली गेली. आमच्या शाळेतही टोचली. तेव्हा आम्ही एक गोष्ट पाहिली. रांगेत पहिला मुलगा रडला, की मागची सगळी रांग रडू लागते. म्हणून आम्ही बाकीच्या मुलांना वर्गातच बसवले. एकेकाला बाजूच्या खोलीत नेले. बाहेर पडण्याचे दार निराळे ठेवले. पुढे गडबड झाली नाही.

मोठ्या मुला-मुलींना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्पाची लस देतात. या वयात काहींना सुई पाहून भोवळ येते. त्यांना उभे ठेवू नये. बसवून किंवा निजवून टोचावे. "एवढा घोडा झालास अन् सुईला भितोस?" असे कोणी म्हणू नये. हसल्याने भीती जात नाही. ती आत लपून बसते.

टाके, सलाईन आणि प्लास्टर

टाके घालण्याआधी डॉक्टर जखमेच्या जागी बधिर करणारे औषध टोचतात. ते औषध चढेपर्यंत थांबावे लागते. "साहेब, जागा बधिर झाली का?" असे विचारायला भिऊ नये. तो आपला हक्क आहे. कातडी बधिर करणारे मलमही मिळते. ते सुईच्या सुमारे एक तास आधी लावावे लागते. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच लावावे.

सलाईन लावले की पोराला वाटते, सुई हातातच राहिली. तसे नसते. सुई बाहेर काढून घेतात. आत मऊ नळी राहते. हे पोराला सांगितले की त्याचा जीव खाली पडतो.

हाताचे प्लास्टर कापायचे यंत्र मोठा आवाज करते. पोराला वाटते, आता हातच कापणार. पण त्याचे पाते गरगर फिरत नाही. ते जागच्या जागी थरथरते आणि टणक प्लास्टर कापते. मऊ कातडी कापण्यासाठी ते नसते. डॉक्टरांना म्हणावे, यंत्र आधी पोराला दाखवा.

घरी आल्यावर

लस टोचल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. टोचलेली जागा चोळू नये. तिच्यावर हळद, चुना, तेल काही लावू नये. एक-दोन दिवस ताप येणे साधे आहे. तापाचे औषध नर्सबाई सांगतील तेवढेच द्यावे. टोचण्याच्या आधी देऊ नये. ताप फार चढला, झटके आले, बाळ सुस्त पडले किंवा तीन तासांहून अधिक सारखे रडत राहिले, तर लगेच दवाखाना गाठावा.

पोराला शाबासकी द्यावी. रडले तरी द्यावी. "रडलास, तरी हात हलवला नाहीस. शहाणा माझा सोन्या!" हे शब्द त्याच्या ध्यानात राहतात. पुढच्या वेळी तेच त्याला धीर देतात.

ध्यानात ठेवा

१. सुईचा धाक घालू नका.
२. पोराशी खोटे बोलू नका.
३. तान्ह्याला पाजत पाजत लस टोचून घ्या.
४. मोठ्याला मांडीवर घ्या.
५. त्याचे मन दुसरीकडे लावा.
६. रडते म्हणून लस चुकवू नका.

तुमच्या गावी लशीचा दिवस कोणता, ते आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या ताईंना विचारा. हा धडा घरी वाचून दाखवा. आजीला आणि पोराच्या बापालाही ऐकवा. पोराला धीर देणे हे एकट्या आईचे काम नव्हे.