सोबतीस टेरिअर कुत्रा निवडतांना

ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढें कान देऊन बसलेला कुत्रा जुन्या तबकड्यांवर आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. त्याचें नांव निपर. तो टेरिअर रक्ताचा होता. १८९५ सालीं तो मेल्यानंतर फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकारानें त्याचें तें चित्र काढिलें. असा लहानसा व चलाख कुत्रा आपल्याही घरीं असावा, अशी इच्छा आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या मनांत येते. ती वावगी नाहीं. परंतु कुत्रा रूपावरून निवडावा कीं गुणावरून, हा विचार आधीं केला पाहिजे.

'टेरिअर' या शब्दाच्या मुळाशीं लॅटिन भाषेंतील 'टेरा' म्हणजे भूमि हा शब्द आहे. बिळांत दडलेल्या कोल्ह्यास बाहेर हुसकावणें व उंदीर मारणें, या कामांसाठीं इंग्लंडांतील शेतकऱ्यांनीं व शिकाऱ्यांनीं हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. डेव्हन परगण्यांतील पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) यांस या कुत्र्यांचा मोठा नाद होता. त्यांच्यावरूनच जॅक रसेल टेरिअर हें नांव पडलें.

आतां या कामाचें स्वरूप ध्यानांत घ्यावें. बिळांत शिरलेला कुत्रा धन्यास दिसत नाहीं; तो कोठें आहे हें त्याच्या भुंकण्यावरूनच कळतें. म्हणून भुंकणें हा त्याचा गुण ठरला. वाट करण्यासाठीं त्यास माती उकरावी लागे. अंधारांत शत्रु दांत विचकून समोर उभा असतां धन्याच्या आज्ञेची वाट पाहण्यास सवड नसे. म्हणून त्याच्या अंगीं धैर्य आलें व हट्टही आला. ज्यांस आपण खोडी म्हणतों, त्या या कुत्र्याच्या वंशपरंपरागत विद्या होत. त्यास दिवसभर सांखळीनें बांधून ठेविलें, आणि मग तो भुंकून शेजाऱ्यांची झोंप मोडूं लागला किंवा सुटतांच बागेंतील झाडें उकरूं लागला, तर त्यांत अपराध कुत्र्याचा नव्हे.

आमच्या नाशकापुरतें बोलावयाचें तर, जुन्या वाड्यांतील घुशींचा उपद्रव कोणास ठाऊक नाहीं? तेथें टेरिअर आपलें मूळचें काम आनंदानें करील. मात्र उंदीर-घुशींच्या मूत्रापासून लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्यास होतो, म्हणून त्याची लस टोंचवून घ्यावी. द्राक्षमळ्यांत राहणाऱ्यांनीं आणखी एक सावधगिरी बाळगावी. उंदरांच्या मागें घोणस येते, आणि टेरिअर सापापुढूनही सहसा माघार घेत नाहीं. तें धैर्य त्याच्या जिवावर बेततें. घरीं कोंबड्या किंवा ससे असल्यास हा कुत्रा न आणणेंच बरें. चैत्र-वैशाखांत त्यास पहाटे व सूर्यास्तानंतरच फिरवावें. तापलेल्या डांबरी रस्त्यावर त्याचे पाय पोळतात.

टेरिअरांतही भेद आहेत. यॉर्कशायर टेरिअर सुमारें तीन किलो वजनाचा असून लहान जागेंत मावतो, पण त्याचे लांब केस रोज विंचरावे लागतात. फॉक्स टेरिअर सात-आठ किलो भरतो. एअरडेल सर्वांत मोठा, खांद्यापाशीं सुमारें २३ इंच उंच. त्यास ऐसपैस अंगण पाहिजे. जॅक रसेल लहान दिसतो खरा, परंतु रोज तासभर धांवविणारा सोबती नसेल तर तो घर डोक्यावर घेतो.

पिलूं आठ आठवड्यांचें होण्यापूर्वीं आईपासून तोडूं नये. शक्य तर त्याची आई पाहावी. तिच्या स्वभावावरून पिलाच्या स्वभावाचा अंदाज येतो. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस द्यावी व पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें ती चालू ठेवावी.

शेवटीं एक हिशेब प्रत्येक विद्यार्थ्यानें स्वतः मांडावा. टेरिअर बहुधा बारा ते पंधरा वर्षें जगतो. आज जो आठवींत आहे, तो चार-पांच वर्षांनीं शिक्षणासाठीं पुण्यामुंबईस जाईल. कुत्रा मात्र दाराशीं वाट पाहत बसेल. त्या वेळीं त्याचें कोण करणार, हें आईवडिलांस विचारून मगच पिलूं आणावें. ज्यांच्या घरीं वेळ थोडा व ऊन फार, त्यांनीं आपल्या आळींतील एखादें देशी पिलूं आपलेंसें करावें. तें येथल्या हवेंत मुरलेलें असतें, आणि मायेची भूक त्यालाही तितकीच असते.