साइडपट्टीवरचं गाव

चेलाडी फाट्यावर महामार्ग सोडला की नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर करत रस्ता वेल्ह्याला जातो. (तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण तिकीट वेल्ह्याचंच मागायची सवय सुटलेली नाही.) पावसाळ्यातल्या रविवारी इथे पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. कुणाला राजगड चढायचा असतो, कुणाला तोरणा, कुणाला मढेघाटाचा धबधबा बघायचा असतो. त्याच रस्त्याच्या कडेनं शाळेची पोरं चालतात, दुधाची किटली घेतलेली बाई डेअरीकडे निघते, फाट्यावर म्हातारे एसटीची वाट बघत उभे असतात. शहरात एक रस्ता नकोसा झाला तर माणूस शेजारच्या गल्लीत वळतो. इथे तालुक्याचा हमरस्ता हीच गावाची गल्ली.

रस्ता खडबडीत होता तोवर कुणाला गाडी पळवता येत नव्हती, एवढं एक बरं होतं. खड्ड्यांचं कौतुक करायचं नाही. अवघडलेल्या बाईला दवाखान्यात नेताना त्या खड्ड्यांनी काय होतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण रस्ता गुळगुळीत झाला, वळणं सरळ झाली, आणि चालणाऱ्याची होती तेवढीही जागा गेली. नवा थर वीतभर उंच येतो. साइडपट्टीचा मुरूम पहिल्या पावसात वाहून जातो. कडेला उरलेल्या खाचेत पाय मुरगळून घेण्यापेक्षा लोक डांबरावरूनच चालतात, आणि ड्रायव्हर हॉर्न दाबत म्हणतो, ही माणसं मधून का चालतात?

धोक्याचा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. ताशी 30 किलोमीटरची गाडी सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते, 50 ची जवळजवळ चौदा. पोर समोर आलेलं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असं धरा. कोरड्या रस्त्यावर 30 ची गाडी साधारण 13 मीटरमध्ये पूर्ण थांबते. 50 च्या गाडीला त्या 13 मीटरमध्ये ब्रेकच लागलेला नसतो. ती आहे त्या वेगानं धडकते. तोरण्याकडून धुकं उतरलेलं आणि रस्ता ओला असला, तर बोलायलाच नको. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 32,825 पायी चालणारी होती.

यावर आपल्याला उपाय एकच ठाऊक: गतिरोधक. अपघात होतो, गाव रस्त्यावर उतरतं, आणि उरल्यासुरल्या काँक्रीटचा उंचवटा रातोरात उभा राहतो. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसचा नमुना निराळा आहे: 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, कासवाच्या पाठीसारखा गोलसर. ताशी 25 नं गेलं तर पोटातलं पाणी हलत नाही. आपला हातभर रुंद आणि उभ्या कडेचा. त्यावर रुग्णवाहिकाही आदळते, आणि मोटारसायकलीवर एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई पडते. पांढरे पट्टे पुसले गेले की रात्री तो दिसतही नाही.

‘वाहने सावकाश चालवा’ ही पाटी तर कुणी वाचतच नाही. ड्रायव्हर रस्त्याची रुंदी वाचतो, समोर किती लांबपर्यंत मोकळं दिसतं ते वाचतो, आणि त्याप्रमाणे पाय दाबतो. जुन्या गावांना हे कळत होतं. वेशीचा दरवाजा अरुंद. घोडा असो की बैलगाडी, तिथे वेग आपोआप मोडायचा. परदेशातले अभियंते गावाच्या तोंडाशी आज हेच करतात: रस्ता आवळतात, मध्ये बेट घालतात, दोन्ही बाजूंना झाडं लावतात. गावाबाहेर सात मीटरचा रस्ता गावात साडेपाच मीटरचा झाला, तर उरलेल्या दीड मीटरला गटारावरच्या ढाप्यांची रुंदी जोडून एका बाजूला चांगला पदपथ निघतो. तो अडथळ्याविना 1.8 मीटर रुंद असावा आणि 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा, असं रस्ते काँग्रेसचंच म्हणणं आहे. शाळेसमोरचा झेब्रा पदपथाच्या उंचीला आणला, तर पोरांना खाली उतरावं लागत नाही. चढावं लागतं ते गाडीला.

अरुंद आणि मोकळ्या रस्त्यातला हा फरक शेजारच्या भोरमध्ये चालत बघता येतो. पंतसचिवांच्या राजवाड्याच्या आसपासच्या आळ्यांत ओटे पुढे आलेले असतात आणि वळणापलीकडचं दिसत नाही. मोटारसायकलवाला न सांगता गिअर उतरवतो. तिथून चौपाटीला यावं: वडाप, टेम्पो, महाडकडच्या आणि मांढरदेवीकडच्या गाड्या, आणि त्यांच्यामधून अंग चोरून चालणारा माणूस. जुन्या आळीत वेग जसा मोडतो तसा मोडावा म्हणून हॉलंडमध्ये डेल्फ्ट गावच्या लोकांनी साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्या सरळ गल्ल्या मुद्दाम वाकड्या करायला घेतल्या. 1976 मध्ये तिथे तसा कायदाच झाला. अशा गल्लीला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ होतो ‘राहण्याचं अंगण’. आपल्याकडे ते अंगण आयतं होतं. रुंदीकरणात आपण ते पुसतो आहोत, हे मला जास्त सलतं.

हे करायचं तर अडचण मालकीची आहे. हमरस्ता बांधकाम विभागाचा, आतला रस्ता जिल्हा परिषदेचा, भोर शहरातला नगरपरिषदेचा. ग्रामपंचायतीच्या वाट्याला गटार येतं, डांबर नाही. कायदा मात्र आता चालणाऱ्याच्या बाजूनं थोडा सरकला आहे. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आलं: रस्त्याच्या रचनेचे निकष न पाळल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं चालण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं.

ग्रामसभेच्या ठरावात ‘गतिरोधक बसवावा’ एवढंच न लिहिता, काम सुरू होण्याआधी नकाशा मागावा आणि गावातली रुंदी त्यात ठरवून घ्यावी. तालीमही करता येते. परवानगी काढून एका रविवारी कबड्डीच्या मैदानाला मारतात ती फक्की मारायची, कडेला रिकामी पिंपं मांडायची आणि रस्ता आवळून बघायचा. शाळेच्या फाटकापासून 50 मीटर मोजून खुणा कराव्यात. सातवीतली पोरं सुरक्षित अंतरावर बसून मोबाइलच्या घड्याळावर वेळ लिहू शकतात: गाडीनं ते अंतर सहा सेकंदांत कापलं तर वेग 30, साडेतीन सेकंदांत कापलं तर 50 च्या वर. पिंपं मांडण्याआधीचा कागद एक, नंतरचा एक. ते दोन कागद घेऊन बांधकाम विभागात गेलं, की बोलणं ‘साहेब, एक गतिरोधक द्या’च्या पुढे सरकतं.