स्वमग्नता आणि शरीरातील दाह



वेतनकरार, बोनस आणि बडतर्फी ह्यांविषयी बोलणारा मनुष्य आज मुलाच्या मेंदूविषयी बोलावयास उभा राहिला, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. शाळा लवकर सुटली; पुढचे जे शिकलो ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. परंतु चाकण, भोसरी आणि मरकळ रस्त्यावरच्या कारखान्यांतील कामगार आमच्याकडे केवळ पगाराची चिठ्ठी घेऊन येत नाहीत. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे कसे काढावे, पतपेढीचे कर्ज कसे मिळेल, असे विचारतात, आणि कशासाठी, असे विचारले की कधीकधी उत्तर मिळते, "मुलाच्या मेंदूला सूज आहे म्हणतात, ती उतरवायची आहे." मूल स्वमग्न असते. ही सूज म्हणजे काय, ती खरी की खोटी, आणि ती उतरविण्याचा उपाय खरोखर कोणापाशी आहे काय, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. ज्या गावी ज्ञान लोकांच्या बोलीत आणणाऱ्या ज्ञानेश्वरांची समाधी आहे, तेथे हा विषय मराठीत मांडण्याबद्दल क्षमा मागण्याचे कारण नाही.

प्रथम स्वमग्नता म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी 1943 साली 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले माणसांशी नजर जुळवीत नसत, बोलणे उशिरा किंवा निराळ्या तऱ्हेने करीत, एकच कृती पुन्हा पुन्हा करीत आणि नित्यक्रमात थोडा बदल झाला तरी अस्वस्थ होत. आज आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो तिचा अर्थ ह्याहून पुष्कळ व्यापक झाला आहे. कोणी मूल मुळीच बोलत नाही, तर कोणी अभियंता होते. म्हणून हा एक रोग नसून मेंदूच्या घडणीच्या अनेक तऱ्हांना दिलेले एक नाव आहे, असे समजावे. आपल्या देशात ही मुले किती? पाच ठिकाणच्या 3,964 मुलांची पाहणी करून 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या पाच ठिकाणांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. दोन ते नऊ वर्षांच्या साधारण आठ मुलांमागे एकास मेंदूच्या वाढीची काही ना काही अडचण असल्याचे त्यात आढळले. ह्या अडचणींत ऐकण्याचे दोष, अपस्मार, मतिमंदत्व आणि स्वमग्नता हे सर्व आले. म्हणजे ही श्रीमंतांच्या घरची किंवा परदेशातील गोष्ट नव्हे.

आता दाह. प्रेसवर काम करताना पत्र्याच्या कडेने बोट कापले की दुसऱ्या दिवशी ते लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. ही चार लक्षणे रोममधील सेल्सस नावाच्या लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली. ती आजाराची लक्षणे वाटतात, पण वस्तुतः ती संरक्षणाची लक्षणे आहेत. जखमेतून जंतू शिरले की तेथील पेशी रसायनांच्या रूपाने निरोप धाडतात. त्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. निरोप मिळताच रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात, जंतूंना खातात आणि मोडतोड साफ करतात. काम झाले की दुसरे निरोप जातात आणि सर्व शांत होते. ह्या सर्व व्यवस्थेस आपण रोगप्रतिकारयंत्रणा म्हणतो. दाह वाईट नव्हे. योग्य वेळी न थांबणारा दाह वाईट.

मेंदू ह्या व्यवस्थेपासून अलिप्त आहे, अशी पूर्वी समजूत होती. ती आता राहिलेली नाही. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी आहेत. त्या तेथील पहारेकरी आणि झाडूवालेही. पण त्यांचे तिसरे एक काम आहे आणि आपल्या विषयात तेच महत्त्वाचे. बाळाच्या मेंदूत मज्जापेशींचे सांधे गरजेहून जास्त तयार होतात. जे वापरात येतात ते टिकतात. जे येत नाहीत ते काढून टाकावे लागतात. द्राक्षाच्या बागेत छाटणी केल्याशिवाय वेल फळावर येत नाही, तसेच हे आहे. ही छाटणी करण्यात मायक्रोग्लियांचा हात असतो. तेव्हा पहारेकऱ्यालाच माळ्याचेही काम दिलेले आहे. आणि तो पहाऱ्याच्या धांदलीत सापडला तर छाटणी बिघडेल, ही शंका सहज येते.

ह्या शंकेला पहिला भक्कम आधार मिळाला तो बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून. तेथील संशोधकांनी मृत्यू पावलेल्या 11 स्वमग्न व्यक्तींचे मेंदू तपासून 2005 साली निष्कर्ष छापला: मायक्रोग्लिया आणि त्यांच्या जोडीच्या पेशी उत्तेजित अवस्थेत होत्या, विशेषतः लहान मेंदूत. जिवंत असलेल्या काही स्वमग्न मुलांच्या मेंदूभोवतीच्या द्रवातही दाहाचे निरोप वाढलेले आढळले. म्हणजे "मेंदूला सूज" ह्या शब्दांमागे काहीतरी सत्य आहे. पण बोट सुजते तशी ही सूज नव्हे. ती डोक्यावर हात ठेवून कळत नाही आणि एखाद्या साध्या रक्ततपासणीने ठरविताही येत नाही.

दुसरा आधार गर्भावस्थेतून मिळतो. 1964 साली अमेरिकेत रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, ह्याची मोठी साथ आली. गरोदर स्त्रीला हा आजार झाला की गर्भाचे डोळे, कान आणि हृदय ह्यांना इजा होते, हे ठाऊक होते. स्टेला चेस ह्या डॉक्टर बाईंनी अशा 243 मुलांची तपासणी केली. 1971 साली त्यांनी नोंदविले की, 10 मुलांत स्वमग्नतेची पूर्ण आणि आणखी 8 मुलांत अंशतः लक्षणे होती. त्या काळच्या सामान्य प्रमाणाच्या मानाने हे फार होते. पुढे कॅलिफोर्नियात पॉल पॅटर्सन ह्यांच्या प्रयोगशाळेत गाभण उंदरिणींवर प्रयोग झाले. जिवंत विषाणू न देता, विषाणू आल्याचा केवळ आभास निर्माण करणारे रसायन त्यांना दिले, तरी पिलांचे वागणे बदलले. आईच्या शरीरातील इंटरल्यूकिन-सहा नावाचा एक निरोप अडविला, तर पिले नेहमीसारखी निपजली. हा प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते की, काही प्रसंगी इजा जंतूने होत नाही, जंतूशी लढताना आईच्या शरीराने धाडलेल्या निरोपांनी होते.

येथे मी थोडा थांबतो, कारण ह्या माहितीचा दुरुपयोग फार सहज होतो. 1950 आणि 1960 च्या दशकांत काही मोठे तज्ज्ञ म्हणत असत की, आईची माया थंड असल्यामुळे मूल स्वमग्न होते. हे धादांत खोटे ठरले. पण तोवर कित्येक मातांनी तो डाग कपाळी वागविला. आता "गरोदरपणी तुला ताप आला होता, म्हणून असे झाले" असे सासरी म्हणावयास कोणी सुरुवात करू नये. डेन्मार्कमध्ये सोळा लाख मुलांच्या नोंदी तपासून 2010 साली एक अभ्यास झाला. पहिल्या तीन महिन्यांत विषाणूजन्य आजारासाठी रुग्णालयात राहावे लागलेल्या मातांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण जवळजवळ तिप्पट दिसले. पण संपूर्ण गरोदरपणातील सर्व संसर्ग एकत्र धरले तर संबंध दिसला नाही. आणि तिप्पट म्हणजे तरी किती? शंभरात एकाऐवजी तीन धरले, तरी सत्त्याण्णव मुले स्वमग्न होत नाहीत. शिवाय पाच देशांतील वीस लाख मुलांवरील 2019 च्या अभ्यासानुसार माणसामाणसांत स्वमग्नतेबाबत जो फरक आढळतो, त्याचा सुमारे 80 टक्के भाग आनुवंशिकतेचा आहे. अनुवंश आईचाही असतो आणि बापाचाही. त्यात गुन्हा कोणाचाच नाही.

मग दाह हे कारण की परिणाम? एखादे यंत्र तापलेले दिसले म्हणजे उष्णतेनेच ते बिघडले असे अनुभवी फिटर म्हणत नाही. बेअरिंग झिजल्यामुळेही ते तापते. मेंदूत दिसलेला दाह स्वमग्नतेचे मूळ आहे, की निराळ्या घडणीमुळे उद्भवलेली प्रतिक्रिया आहे, हे अद्याप ठरलेले नाही. आणि सर्व मुलांत तो असतो असेही नाही. 2007 साली 30 स्वमग्न मुलांची तापात असताना पाहणी केली, तेव्हा पुष्कळांची चिडचीड आणि तीच ती हालचाल तापापुरती कमी झाली. ताप म्हणजे तर प्रतिकारयंत्रणा जागी झाल्याचेच लक्षण! "दाह कमी करा, मूल सुधारेल" हे समीकरण इतके सरळ नाही, एवढे तरी ह्यावरून ध्यानात यावे.

ह्या अर्धवट ज्ञानातून दोन अनर्थ झाले. पहिला लसीविषयीचा. 1998 साली लंडनमध्ये वेकफील्ड नावाच्या डॉक्टरने अवघ्या 12 मुलांवरून गोवर, गालगुंड आणि रुबेला ह्यांच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविला. तो लेख 2010 साली नियतकालिकाने मागे घेतला आणि त्या डॉक्टरची सनदही गेली. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांच्या नोंदींवरून 2019 साली पुन्हा सिद्ध झाले की, असा संबंध नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम निघाली, तेव्हा शाळाशाळांतून अफवा पसरल्या होत्या. खरी गोष्ट उलट आहे. जन्मापूर्वीच्या रुबेलामुळे स्वमग्नता येऊ शकते, हे आपण आताच पाहिले; म्हणजे ही लस स्वमग्नतेचे एक कारण टाळते. आणि ती लस आपल्याच पुण्यात, हडपसरला, तयार होते.

दुसरा अनर्थ बाजाराचा. "मूलपेशी टोचल्या की मेंदूतील दाह शमतो" असे सांगून लाखो रुपये घेतले गेले आहेत. आमच्या एका सभासदाने भविष्यनिर्वाह निधी रिकामा केला, वर पतपेढीचे कर्ज काढले. मूल पूर्वी होते तसेच आहे. हप्ते मात्र चालू आहेत. रुग्णालयाचे नाव मी घेत नाही, कारण प्रश्न एका रुग्णालयाचा नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने 180 मुलांवर नाळेच्या रक्ताचा रीतसर प्रयोग केला. काहींना खरे औषध, काहींना नुसतेच निरुपद्रवी द्रावण, आणि कोणाला काय दिले हे पालकांना ठाऊक नाही. 2020 साली निकाल आला: सामाजिक व्यवहारात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले की, स्वमग्नतेवर मूलपेशींचा उपचार शिफारसयोग्य नाही आणि त्याचा प्रचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय. ज्या उपचाराची चाचणी चालू आहे तो मुलाला विनामूल्य मिळाला पाहिजे. जो चाचणीसाठी पैसे मागतो त्याच्यापासून सावध राहावे.

मग करावे काय? दीड-दोन वर्षांचे मूल हाकेला वळत नाही, बोट दाखवीत नाही, बोलत नाही, असे दिसले की "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नये. प्रथम कानांची तपासणी करावी. अंगणवाडीत आणि शाळेत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक 2013 पासून अशी मुले शोधून जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठविते, त्याला विचारावे. बोलण्याचे, खेळण्याचे आणि रोजच्या कामांचे शिक्षण लवकर सुरू झाले तर लाभ होतो, आणि त्यातले पुष्कळ आईबाप घरीच शिकून करू शकतात. पोटाचा त्रास, अपस्मार, झोप ह्यांवर साधे औषधोपचार करावेत, कारण वेदना सांगता न येणारे मूलच अधिक चिडते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे, प्रमाणपत्र घ्यावे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचे संरक्षण आहे, तेही मागावे.

आणि शेवटी आमच्या क्षेत्रातली एक गोष्ट. अशा मुलाला ठरावीक वेळेला ठरावीक माणूस लागतो. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या बापाला ते शक्य होत नाही. म्हणून कारखान्यात अशा पालकाला कायम पहिली पाळी मिळावी, आणि गरोदर स्त्री-कामगाराला ताप आला तर पगार न कापता रजा मिळावी, ह्या मागण्या आम्ही वेतनकराराच्या यादीत घालू लागलो आहोत. त्यांना प्रयोगशाळा लागत नाही, एकजूट लागते. दाहाचे कोडे शास्त्रज्ञ सोडवितील तेव्हा सोडवितील. तोवर मुलाचा वेळ आणि आईबापाचा पैसा वाचविणे आपल्या हाती आहे.