भारोत्तोलन : वजनापेक्षा घाई घातक

घरातला मुलगा किंवा मुलगी म्हणाली, ‘मी वेटलिफ्टिंग शिकायला जाणार,’ की आईच्या काळजात धस्स होते. ‘पाठ मोडून घ्यायची आहे का?’ हा पहिला प्रश्न. ‘उंची खुंटली तर?’ हा आजीचा प्रश्न. या भीतीत तथ्य किती आणि गैरसमज किती? दोन तरुणांच्या कहाण्या याबाबत बरेच काही सांगून जातात. एक तामिळनाडूचा, दुसरा आपल्या सांगलीचा.

दुखऱ्या मांडीचे सुवर्ण

चेन्नईहून सुमारे १४० किलोमीटरवर वेल्लोर आहे. सतीश शिवलिंगम तिथला. त्याचे वडील स्वतः राष्ट्रीय पातळीवरचे भारोत्तोलक. पुढे त्यांनी एका विद्यापीठात सुरक्षारक्षकाची नोकरी केली. सतीशला दक्षिण रेल्वेत काम मिळाले, जिचे मुख्यालय चेन्नईत आहे. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ७७ किलो वजनी गटात त्याने एकूण ३२८ किलो वजन उचलून सुवर्णपदक मिळवले.

२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेपूर्वी मात्र राष्ट्रीय स्पर्धेत १९४ किलो उचलताना त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. तो पुरता बरा झालेला नसतानाच सतीश गोल्ड कोस्टला उतरला. १४४ आणि १७३ असे ३१७ किलो त्याने उचलले. प्रतिस्पर्ध्याचे प्रयत्न फसले, सुवर्ण निश्चित झाले आणि सतीशने आपला शेवटचा प्रयत्न सोडून दिला. विक्रमाच्या मोहापेक्षा दुखरी मांडी महत्त्वाची!

एका किलोचे अंतर

सांगलीच्या संकेत सरगरला ही सवड मिळाली नाही. वडिलांची पानपट्टी, तिथे हातभार लावत संकेतने सराव केला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात तो सुवर्णाच्या उंबरठ्यावर होता. १३९ किलो उचलण्याच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. वेदना सोसत त्याने तिसरा प्रयत्न केला, पण तोही फसला. संकेतचे एकूण २४८ किलो, मलेशियाच्या स्पर्धकाचे २४९. एका किलोने सुवर्ण हुकले. एकवीस वर्षांच्या पोराने शेवटचा प्रयत्न सोडायला हवा होता, असे घरी बसून कोण म्हणेल?

त्याच्या ब्रिटनमधल्या उपचारांसाठी सरकारने सुमारे ३० लाख रुपये मंजूर केले. आपल्या मुलाचे कोपर गल्लीतल्या जिममध्ये निखळले, तर तो खर्च घरालाच सोसावा लागतो. म्हणूनच पदकाची स्पर्धा आणि रोजचा व्यायाम यांतला फरक आधी ओळखायला हवा.

लाभ कोणते?

या खेळात प्रकार दोनच. ‘स्नॅच’मध्ये बार जमिनीवरून एका झेपेत डोक्यावर न्यायचा, तर ‘क्लीन अँड जर्क’मध्ये आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर. यात दंडापेक्षा मांड्या, कंबर आणि पाठ यांचे काम अधिक. पायांत जोर येतो, सांधे मोकळे राहतात, तोल सुधारतो आणि हाडे बळकट होतात. हाडांचा मुद्दा मुलींसाठी विशेष मोलाचा, कारण तरुणपणी कमावलेली बळकटी उतारवयात उपयोगी पडते.

धोका कुठे?

दुखापती मुख्यतः कंबर, गुडघा आणि खांदा यांना होतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार भारोत्तोलकांमध्ये सरावाच्या दर १००० तासांमागे सुमारे २.४ ते ३.३ दुखापती आढळल्या. फुटबॉलसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत हे प्रमाण याहून जास्त असते. म्हणजे हा खेळ वाटतो तितका भयंकर नाही, पण निर्धोकही नाही. शिवाय हे आकडे प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकलेल्यांचे. आरशासमोर उभे राहून मित्राचे पाहून शिकणाऱ्याला ते लागू पडत नाहीत.

उंचीचे काय? योग्य देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने उंची खुंटते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२० साली अशा व्यायामाला अनुकूलता दर्शवली. मात्र वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळचा भाग नाजूक असतो. न झेपणारे वजन, चुकीची पद्धत आणि ‘बघू किती उचलतोस’ अशी पैज यांपासून मुलांना दूरच ठेवावे.

घरच्यांनी काय पाहावे?

पहिल्याच दिवशी लोखंडी चकत्या लावल्या जात असतील, तर ती जागा बदला. पुरुषांचा रिकामा बारच २० किलोचा आणि महिलांचा १५ किलोचा असतो. नवख्याने आधी साध्या काठीवर हालचाल घोटवावी. हातातून निसटणारा बार सोडून बाजूला कसे व्हायचे, हेही सुरुवातीलाच शिकवले जायला हवे. त्यासाठी रबरी चकत्या आणि मोकळी, मजबूत जमीन आवश्यक. चेन्नई असो वा मुंबई, दमट हवेत तळहात घामाने निसरडे होतात. तेव्हा हाताला पांढरी पूड लावणे आणि पुरेसे पाणी पिणे हा सरावाचाच भाग समजावा.

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा जुने कंबरदुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. थकवा आणि दुखणे यांतला फरकही ओळखायला शिकावे. स्नायू ठणकणे दोन-तीन दिवसांत ओसरते. सांध्यात एकाएकी आलेली कळ, सूज किंवा पायाला मुंग्या यांना मात्र अंगावर काढू नये.

मुलगा सरावाहून परतला की आपण विचारतो, ‘आज किती किलो उचललेस?’ त्याऐवजी ‘आज नीट उचललेस का?’ असे विचारून पाहा. घरातून घाई गेली, की व्यायामशाळेतूनही ती हळूहळू जाते.